आषाढातला मोहर

लेकीच्या बाळंतपणासाठी २०२४ च्या जूनच्या शेवटी मी डार्विनला गेले. ऑस्ट्रेलियाच्या अगदी वरच्या टोकाला असलेलं शहर, विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण साडेबारा अंशांवर. आमचं घर रत्नागिरीच्या खाली पावस गावाच्या बाजूला, सतरा अंश उत्तर. म्हणजे आम्ही दोघीही उष्ण कटिबंधातल्याच, दोघीही समुद्राकाठच्या, आणि तरी तिचं वर्ष आणि माझं वर्ष पूर्ण उलटं. मी हायस्कूलला भूगोल शिकवायचे, पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे, हे वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. पण ते अंगावर घेणं म्हणजे काय ते तिथे राहिल्यावर कळलं, त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

निघायच्या आधीची आमची धावपळ कोकणातल्या बायकांना सांगायला नको. आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं. लाकडं आत घ्यायची, फणसाच्या साठां-पोळ्या आणि कुरडया वाळवून डब्यात, सुके बोंबील-सोडे बांधून ठेवायचे, पडवीला झड लागू नये म्हणून पुढे झापं लावायची. मिरग लागून पंधरा-वीस दिवस झाले होते, लावणीची तयारी चाललेली, चिखल गुडघ्यापर्यंत. अशा सगळ्या ओल्यातून मी मुंबईला गेले, मग सिंगापूर, आणि तिथून चार-साडेचार तासांत डार्विनला उतरले तर बाहेर ढग म्हणून नाही. निळंशार आभाळ, कोरडा वारा, आणि जावई म्हणाले आई, आता सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस विसरा. डार्विनला जुलैत सरासरी एखादा मिलिमीटर पाऊस पडतो, त्यांचा वर्षाचा सतराशे मिलिमीटरच्या आसपासचा जवळजवळ सगळा पाऊस नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये. आमच्याकडे जुलैतल्या एका चांगल्या झडीत त्यांच्या महिन्या-दोन महिन्यांचं भागून जाईल.

आता बाळंतपण आषाढात म्हटल्यावर माझ्या डोक्यात सगळी पावसाळ्यातल्या बाळंतिणीची तयारी होती. आमच्याकडे आषाढ-श्रावणात बाळ झालं की घरातला सगळ्यात मोठा प्रश्न लंगोट सुकवण्याचा. चुलीच्या वर दोरी, दोरीवर लंगोट-दुपटी, सगळ्याला धुराचा वास, तरी हाताला दमट लागतात. मी माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी हे काढलंय. इथे पहिल्या दिवशी लेकीच्या मागच्या अंगणात दोरीवर लंगोट टाकले आणि आत जाऊन बाळाला तेल लावून बाहेर आले तर कडक! हाताने चोळून मऊ करावे लागले इतके कडक. मी तिथेच उभी राहून ते दुपटं कितीतरी वेळ गालाला लावत होते. जुलै महिन्यात उन्हाचा वास असलेलं दुपटं, हे मला माझ्या आयुष्यात माहीत नव्हतं.

दोरीची पण एक गंमत. आमच्या घराचं खळं दक्षिणेकडे, थंडीत ऊन तिकडूनच येतं, म्हणून सांडगे-पापड-दोऱ्या सगळं त्या अंगाला, हे हाताला इतकं बसलंय की विचार करावा लागत नाही. डार्विनला जुलैत दुपारचा सूर्य उत्तरेला, क्षितिजापासून साधारण पंचावन्न अंशांवर, आणि माझी सावली दक्षिणेला. (रत्नागिरीतही मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतोच, पण तो बराचसा ढगाआड आणि इतका माथ्यावर की जाणवत नाही.) तोंड उत्तरेला करून सूर्य बघायचा म्हटलं की तो उजवीकडून डावीकडे जातो. संध्याकाळी आम्ही बाबागाडी घेऊन मिंडिल बीचला जायचो, डार्विनचा हा किनारा आमच्यासारखाच पश्चिमेकडे तोंड करून, सूर्य थेट समुद्रात बुडतो, आणि कोरड्या दिवसांत तिथे गुरुवारी-रविवारी संध्याकाळचा बाजार भरतो. मी जन्मभर समुद्रात बुडणारा सूर्य बघत आलेय. आपल्याकडे तो खाली येता येता किंचित उजव्या हाताला, उत्तरेकडे सरकतो. तिथे डाव्या हाताला सरकत बुडत होता. तिरकेपणा तसा थोडाच, जितका अक्षांश तितकाच, पण माझ्या डोळ्यांना ते पहिल्या संध्याकाळीच टोचलं आणि मी लेकीला म्हटलं हा सूर्य उलटा बुडतोय, तर तिला कळेचना मी काय म्हणतेय, ती तिथे चार वर्षं राहूनही.

आणि त्या समुद्रात पाय सुद्धा बुडवायचा नाही, मगरी असतात, खाऱ्या पाण्यातल्या. भरती-ओहोटीचा फरक तर सात-आठ मीटरपर्यंत जातो, आमच्याकडे त्याच्या निम्माही नाही. ओहोटीला समुद्र इतका मागे जायचा की वाटायचं आता कालवं काढायला सूप घेऊन जावं.

रात्री बाळ झोपत नसलं की मी त्याला खांद्यावर घेऊन मागच्या अंगणात फेऱ्या मारायचे. घरी जुलैत तारे दिसायचा प्रश्नच नसतो, मिरगापासून भाद्रपदापर्यंत आकाश बंद. इथे रोज रात्री सगळं आकाश उघडं. सप्तर्षी उत्तरेला क्षितिजाला जवळजवळ टेकलेले, उलटे झालेले, आणि ज्याच्याकडे ते बोट दाखवतात तो ध्रुव नाहीच, तो क्षितिजाखाली. आमच्या किनाऱ्यावरून एप्रिल-मेमध्ये त्रिशंकू दिसतो तो दक्षिणेला समुद्राच्या जेमतेम वर, धुरकट, मुलांना दाखवताना पुन्हा पुन्हा बोट करावं लागायचं. इथे तोच त्रिशंकू अर्ध्या आकाशावर लखलखीत उभा. दहाच्या सुमाराला वृश्चिकाची नांगी जवळजवळ डोक्यावर यायची. मी बाळाला सगळी नावं सांगायचे, एका महिन्याचं बाळ, पण सांगायचे.

शरीराचं म्हणाल तर ते गोंधळलं. घरून निघताना दमट हवेने चिकचिक, आणि आठवड्याभरात ओठ फुटले, टाचांना भेगा, जे आमच्याकडे पौष-माघात होतं. सुदैवाने कोकमाचं मुठेल बरोबर होतं (विमानतळावर खाण्या-लावण्याचं जे जे नेलं ते सगळं कार्डावर लिहून दाखवावं लागतं, मी एक न् एक वस्तू लिहिली होती, त्यांनी बघितलं आणि सोडलं). रोज रात्री टाचांना मुठेल चोळताना कॅलेंडरवर आषाढ. पहाटे अठरा-एकोणीस अंश, दुपारी तीस-एकतीस. हे आकडे मी ओळखत होते, ते रत्नागिरीच्या जानेवारीचे आकडे आहेत! म्हणजे डार्विनचा जुलै आणि आमचा जानेवारी एकाच साच्यातले. फक्त तिथली माणसं त्या अठरा अंशांना जॅकेट घालतात, आम्हीही माघात कानटोपी घालतोच.

मेलबर्नला माझा पुतण्या असतो. तो व्हिडिओ कॉलवर कोट घालून, संध्याकाळी सव्वापाचलाच त्याच्याकडे सूर्य मावळलेला. तिकडे जूनच्या शेवटी दिवस साडेनऊ तासांचाच. ते खरं हिवाळ्याचं गाव. तो म्हणाला काकू या, पण तान्हं बाळ टाकून कुठे जाणार.

घरी फोन लावायचा तर चार तासांचा बरोब्बर फरक, डार्विनची दुपारची बारा म्हणजे घरची सकाळची आठ. हे फोन उचलायचे आणि पहिली दोन मिनिटं काही ऐकूच यायचं नाही, पत्र्यावरचा पाऊस. ओरडून बोलायचे. लावणी चाललीय, लाईट गेलीय, वहाळ भरलाय. मी कोरड्या खोलीत बसून तो आवाज ऐकायचे. कधीकधी बोलणं संपलं तरी म्हणायचे ठेवू नका, जरा तसाच राहू दे.

आता मुख्य गोष्ट. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, आषाढी एकादशी झाली त्याच्या पुढच्याच रविवारी, जावयांच्या ऑफिसातल्या एकाच्या बागेत आम्ही गेलो. डार्विनबाहेर हम्प्टी डू म्हणून भाग आहे, त्या बाजूला आंब्याच्या बागाच बागा. गाडीतून उतरले तर पायाखाली लाल माती, लाल खडे, थेट आमच्या कातळावरच्या जांभ्यासारखे. आणि वास आला. डोळ्यांनी बघायच्या आधी वास. मोहराचा. मी लेकीला म्हटलं थांब. आंब्याच्या मोहराचा वास ज्याच्या नाकात लहानपणापासून आहे त्याला तो आषाढात आला तर काय होतं ते मला सांगता येणार नाही. एकदम पोटात खड्डाच पडला. झाडं आमच्यासारखी उंच डेरेदार कलमं नाहीत, रांगेत, मशीनने छाटून बुटकी ठेवलेली, हाताला येतील अशी, पण शेंड्याशेंड्याला मोहर, तांबूस दांड्याचा, काही उमललेला, काही नुसता फुटवा. मी एक फांदी खाली घेतली, बोटाला तोच चिकटपणा, तशाच बारीक माश्या. एका मोहराच्या टोकाला कणी धरलेली, मोहरीपेक्षा थोडी मोठी. मी वाकून वाकून भुरी (मोहरावरची बुरशी) आहे का बघत होते, सवयच ती. नव्हती.

त्या बागवाल्याशी लेकीने दुभाषीपणा करत बराच वेळ बोलणं झालं. जात केन्सिंग्टन प्राइड, तिला बोवेन आंबा पण म्हणतात. तिकडे असं सांगतात की एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातून हिंदुस्थानात लष्करासाठी घोडे जात, त्या बोटींवरच्या व्यापाऱ्यांकडून याच्या कोयी क्वीन्सलँडमधल्या बोवेनला आल्या. मी त्याला विचारलं मोहर कशाने येतो तुमच्याकडे, तर म्हणाला थंड रात्री. बस. तेच. आमच्याकडे कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडली की पालवी थांबते आणि मोहर फुटतो, थंडी पडली नाही की कपाळाला हात. त्या झाडाला कुणी पंचांग वाचून दाखवलेलं नाही, तिथे थंड रात्री जून-जुलैत येतात म्हणून ते जून-जुलैत मोहरतं. मी ह्यांना तिथूनच व्हिडिओ कॉल केला. हे पडवीत बसलेले, मागे धो धो, आणि मी मोबाइल मोहराला लावून धरला. हे काही बोललेच नाहीत बराच वेळ. मग म्हणाले, कणी बघ किती धरलीय, जवळ ने. मग आपल्या कलमांना खत घालून झालं, पाऊस उघडला की कल्टार (मोहर यावा म्हणून झाडाला घालायचं औषध) घालायचंय वगैरे सांगायला लागले, पण मध्येच पुन्हा म्हणाले, परत दाखव.

त्या बागेत वारा सुटला होता, आग्नेयेकडून, कोरडा, सुखाचा. जुलैत तिथे बहुतेक दिवस तोच. आणि दक्षिण हिंदी महासागरावरून याच जातीचे आग्नेय व्यापारी वारे हजारो किलोमीटर समुद्र पितात, विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्याने उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्येकडून आमच्या दारात येऊन आदळतात. सहा महिन्यांनी सगळं फिरतं, आशियाकडचे वारे तिकडे जातात, डावीकडे वळून वायव्य मोसमी होतात आणि डार्विन भिजतं. म्हणजे त्यांचा कोरडा आणि आमचा ओला हे एकाच चक्राचे दोन भाग. हे शाळेत आकृती काढून शिकवलं होतं, बाण वगैरे काढून. आता मी त्या बाणाच्या शेपटाकडे उभी होते आणि फोनमध्ये बाणाचं टोक ऐकू येत होतं.

गिल्बर्ट वॉकर हे नाव भूगोलवाल्यांना माहीत असेल. १९०४ ते १९२४ हिंदुस्थानच्या हवामान खात्याचे प्रमुख. आपल्या पावसाचा अंदाज आधी सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या ठिकाणांचे हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले आणि त्यातून दिसलं की हिंदी महासागराकडे दाब वाढला की पॅसिफिकच्या पलीकडे कमी होतो, तराजूच्या पारड्यांसारखं. त्याला सदर्न ऑसिलेशन म्हणतात आणि आजही तो निर्देशांक काढतात तो ताहिती आणि डार्विन या दोन ठिकाणांच्या दाबांवरून. डार्विनचा दाब बरेच महिने चढा राहिला की एल निनोची चाहूल, आणि तशा वर्षी आपला पाऊस बऱ्याचदा ओढ देतो. माझी लेक ज्या गावात राहते तिथल्या हवेवरून माझ्या शेताचा अंदाज! हे तिला सांगितलं तेव्हा ती बाळाला पाजत होती, म्हणाली आई तू इथेही तास घेतेस, पण नंतर जावयांना तिने स्वतःच सगळं समजावून सांगितलं.

ऑगस्टमध्ये एकदा ककाडू राष्ट्रीय उद्यानात जाऊन आलो, अडीचशे किलोमीटर. वाटेत ठिकठिकाणी धूर. तिथले मूळचे लोक कोरड्याच्या सुरुवातीपासूनच गवत थोडं थोडं जाळत जातात, म्हणजे पुढे कडक उन्हात मोठा वणवा पेटायला काही उरत नाही. आमच्या भाजवळीची आठवण झाली, आणि धुराच्या वर घिरट्या घालणाऱ्या घारी, अगदी आपल्याच, किडे-सरडे टिपायला. तिथले लोक वर्षाचे सहा ऋतू मानतात. आम्ही गेलो तेव्हा वुर्गेंग, म्हणजे थंडीचा, संपत आला होता, पुढे गुर्रुंग कडक कोरडा, मग गुनुमेलेंग पावसाआधीच्या तलखीचा, मग गुड्जेवग हा खरा पावसाळा, मग उभं गवत आडवं पाडणाऱ्या वादळांचा बांगेरेंग, मग येग्गे. डार्विनच्या लाराकिया लोकांचे तर सात. ऑस्ट्रेलियात सरकारी हिशोबाने १ जूनला हिवाळा सुरू होतो, पण या उत्तरेच्या भागाला तो हिशोब लागूच पडत नाही, त्यांचं सगळं वारा, गवत आणि पक्ष्यांवर. मला ते फार पटलं. आम्हीही मिरगाचा किडा बघून पेरतोच की.

मग गणपती आले, ७ सप्टेंबरला. घरचा गणपती दीर-जाऊबाईंनी केला, पण कोकणातलं माणूस गणपतीला घरी नाही ही गोष्ट मनाला लागून राहते, ती राहिलीच. तिथे छोटा मातीचा गणपती आम्हीच घडवला. खरी अडचण पत्रीची. आपला गणपती हा पावसाळ्यातला देव आहे हो, त्याच्या पूजेत जे जे लागतं ते सगळं पावसाने उगवलेलं, आघाडा, तेरडा, माटवीला (गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या चौकटीला) बांधायची कांगलं, कवंडळं, हरणं. तिथे त्या दिवसांत रान वाळून पिवळं, अर्धं जळून काळं. तेरडा नाही म्हणून गौरी नाहीत. दूर्वा मात्र मिळाल्या, त्यांच्या लॉनमध्ये जे काउच नावाचं गवत असतं ते म्हणजे आपली हरळीच, पाणी घालून जगवलेली, मी स्वतः बसून जुड्या केल्या. माटवीला नारळ बांधले, डार्विनला माड भरपूर, नुकता फुलायला लागलेला चाफा बांधला, जो आमच्याकडे चैत्र-वैशाखात, आणि त्या हम्प्टी डूच्या बागेतून जावयांनी घड तोडून आणले होते, हिरव्या कैऱ्या, अंड्यापेक्षा मोठ्या, देठासकट. त्या बांधल्या. गणपतीच्या डोक्यावर कैऱ्या! आमच्याकडे भाद्रपदात कैरी म्हणजे बरणीतली, मिठातली. इथे नैवेद्याला उकडीचे मोदक आणि बाजूला ताज्या कैरीचा मेथांबा. देवाला मी मनात म्हटलं, इथे आत्ता जे पिकतं ते हे, गोड मानून घे. विसर्जन अंगणात बादलीत, मगरीच्या समुद्रात कोण जाणार.

सप्टेंबर संपता संपता हवा बदलली. उकाडा, अंगाला घाम, रात्री पण पंखा पुरेना, दुपारी लांबवर ढग जमायचे आणि न पडता विरायचे. त्यांचा मे महिना सुरू झाला होता. बागेत मॅगपाय गूज नावाचे काळे-पांढरे हंस आंब्यावर येऊन बसायला लागले, आमच्याकडे वानर करतात तो उच्छाद तिथे हे करतात. पहिले आंबे काढणीला आले तेव्हा मी निघायच्या तयारीत होते. एक खाल्ला. गोड, घट्ट, रस कमी. हापूस नाही तो, पण कलमावरचा पिकलेला आंबा सप्टेंबरात खाल्ला एवढं खरं.

रत्नागिरीत उतरले तर परतीचा पाऊस, विजा, आणि मध्ये कडकडीत ऊन, भात कापायला आलेलं. म्हणजे एका तलखीतून निघून दुसऱ्या तलखीत आले, आणि मधला अख्खा पावसाळा माझ्या अंगावरून गेलाच नाही. हे शरीराला बरेच दिवस कळत होतं. घरातल्या भिंतींना बुरशी, कपाटात वास, सगळ्यांच्या अंगात पावसाळा मुरलेला आणि मी त्यातली नाही असं वाटायचं. जाऊबाई म्हणाल्या तू उन्हाळ्यातून आल्यासारखी दिसतेस, खरंच होतं ते.

नोव्हेंबरात वाशीच्या मार्केटला मलावीचा हापूस येतो ते बागवाल्यांना माहीतच आहे. आफ्रिकेतला दक्षिण गोलार्धातला देश, आणि झाड मूळ आपल्याकडच्या हापूसचं. आमच्या वाडीत त्यावरून दरवर्षी राग निघतो, की आपला हापूस यायच्या आत तिकडचा कसा. मी आता सांगते, ते झाड तिथल्या थंड रात्रींनी मोहरतं, त्याला दुसरं करता येत नाही. कुठून आला ते पेटीवर स्पष्ट लिहायला लावा, त्यासाठी भांडा, मी पण येते, रत्नागिरी म्हणून विकला तर तो गुन्हाच. पण झाडावर राग नको.

यंदा आमच्या कलमांना मोहर डिसेंबरच्या मध्याला आला. लेकीला फोन केला तर तिला माझं बोलणं ऐकू येईना, तिच्याकडे पत्र्यावर पाऊस. लंगोट सुकत नाहीत म्हणत होती, मी शेगडी सांगितली, तिने ड्रायर लावला. आता बाळाला पहिल्यांदा घरी कधी आणायचं यावर आमची चर्चा चाललीय. जावई म्हणतात जुलैत, त्यांना तेव्हा सुट्टी मिळते. मी म्हटलं नको, मेच्या पहिल्या आठवड्यात या, तुमच्याकडचा पाऊस तेव्हा संपलेला असतो आणि इकडे झेल्याने उतरवलेला पहिला आंबा पेंढ्यात पिकून तयार असतो. ते ऑफिसात रजा विचारून सांगणार आहेत.